ऐंशीचा फंडा

वॉट्स मोजले, वायरी ओढल्या, पॉपकॉर्नही आणले. पण रिसीव्हरच्या मेनूमधला एक छोटासा आकडा तसाच राहिला! पुण्यातला खालच्या मजल्यावरचा शेजारी बेल वाजवणार का आणि संग्रामपूरला बाबांना डायलॉग कळणार का, हे तोच आकडा ठरवतो.

पुण्या-मुंबईतल्या होम थिएटरचा प्रवास साधारण ठरलेला असतो. पहिला बोनस येतो, आपण तपकीर गल्लीत नाहीतर मॉलमध्ये चकरा मारतो आणि एका रविवारी पाच छोटे डबे नि एक मोठा ठोकळा घरात येतो. तीन-चार वर्षं मस्त धडधडाट होतो. मग भिंतीवर मोठा टीव्ही चढतो, त्याच्याखाली सडपातळ साउंडबार येतो आणि बायको (किंवा आई) विचारते, ‘हे डबे आता कुठं ठेवायचे?’ उत्तर सोपं असतं. दिवाळीत गावाला!

समजा, गाव आहे संग्रामपूर. बुलढाणा जिल्ह्याचं उत्तरेचं टोक, डोक्याशी सातपुडा, तालुक्यातच अंबाबरवाचं जंगल, रेल्वेनं यायचं तर उतरायचं शेगावला. थर्माकोलमध्ये गुंडाळलेला सेट तिथं पोचतो. बैठकीच्या खोलीत जोडला जातो, सबवूफर जागा मिळेल तिथं, म्हणजे कोपऱ्यात सरकवला जातो. सिनेमा सुरू होतो आणि अर्ध्या तासात बाबांचा रिव्ह्यू येतो, ‘आवाज तं लय येते, पन बोलनं काहीच समजत नाही.’

आता बाबांचे कान उतारवयाचे असतील, मान्य. पण त्यांची तक्रार शंभर टक्के खरी असू शकते. पुण्याच्या हॉलमध्ये जमवलेला सेट संग्रामपूरच्या खोलीत जसाच्या तसा चालत नाही. आणि खरं सांगायचं तर पुण्यातही तो नीट जमवलेला असतोच असं नाही.

तबला कोण, डग्गा कोण?

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढतं तसा वरचा आकडा खाली येत जातो. एवढा मोठा पल्ला एकाच डब्याला झेपत नाही म्हणून खालचा घुमारा सबवूफरकडे आणि वरचं सगळं बाकीच्या स्पीकर्सकडे दिलं जातं. ही वाटणी कुठल्या आकड्याला करायची, तो आकडा म्हणजे क्रॉसओव्हर. डग्गा आणि तबला एकाच माणसाच्या दोन हातांखाली असतात ना, तसंच. ठेका ऐकताना आपल्याला दोन वाद्यं वेगळी जाणवत नाहीत. जाणवली तर समजायचं, सूर नीट लावलेला नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकूया. क्रॉसओव्हर ही भिंत नाही, उतार आहे. तुम्ही ८० लावलंत म्हणजे ७९ हर्ट्झला स्पीकर एकदम गप्प होतो असं नाही. तो ७०ला थोडा, ६०ला आणखी थोडा ऐकू येत राहतो. तसाच सबवूफरही ८०च्या वर हळूहळू विरत जातो. त्यामुळे वाटणीच्या आसपास काही काळ दोघंही वाजत असतात, आणि खरी गंमत, खरा घोळसुद्धा, तिथंच असतो.

मग हे ८० आलं कुठून? टॉमलिन्सन होल्मन हा ध्वनितज्ज्ञ जॉर्ज लुकासच्या कंपनीत काम करत होता. तिथं त्यानं थिएटरच्या आवाजासाठी टीएचएक्स नावाचं मानक तयार केलं. १९८३ साली ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या निमित्तानं ते थिएटरांत आलं, पुढे घरगुती सेटसाठीही त्याचे नियम झाले आणि त्यात ८० हर्ट्झची वाटणी ठरली. कारण साधं आहे. ८० हर्ट्झची एक ध्वनिलहर सुमारे सव्वाचार मीटर लांब असते. आपल्या दोन कानांत अंतर ते केवढं! एवढी लांबलचक लहर डावीकडून आली की उजवीकडून, हे कानांना सांगता येत नाही. म्हणजे सबवूफर सोफ्याच्या बाजूला असला तरी स्फोट पडद्यावरच झाल्यासारखा वाटतो. आकडा १५०-२०० वर गेला की मात्र कानाला पत्ता लागतो. मग नायक पडद्यावर ओठ हलवतो आणि त्याचा घसा कोपऱ्यातल्या ठोकळ्यातून बोलतो!

‘स्मॉल’ म्हटलं म्हणून रागावू नका

रिसीव्हरच्या मेनूत प्रत्येक स्पीकरपुढे ‘लार्ज’ की ‘स्मॉल’ असा प्रश्न असतो. आपण साडेतीन फुटी टॉवर स्पीकर घेतलेले, ईएमआय अजून चालू, त्यांना ‘स्मॉल’ म्हणायला जीभ रेटत नाही. पण हा अपमान नाही बॉस! ‘लार्ज’ म्हणजे ‘सगळा खर्ज तूच सांभाळ’. ‘स्मॉल’ म्हणजे ‘खर्ज सबवूफरकडे दे, तू तुझं काम कर’. आवाज तेवढाच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली, म्हणजे ८०वरून ४०वर आणली, तर स्पीकरच्या पडद्याला पुढेमागे चौपट हलावं लागतं. ते कष्ट वाचले की तोच स्पीकर मधला सूर, म्हणजे माणसाचा आवाज, जास्त स्वच्छ काढतो. अँप्लिफायरही थंड राहतो. माझं स्पष्ट मत आहे, सबवूफर घरात असेल तर टॉवरलासुद्धा बिनधास्त ‘स्मॉल’ करा आणि ८०वर ठेवा. फार तर ६०.

पुस्तकाच्या फळीवर बसणारे, पाच-सहा इंची वूफरवाले स्पीकर असतील तर ८०च. प्रॉब्लेम येतो तो गावाला पाठवलेल्या त्या डब्यांचा. तळहाताएवढ्या डब्यात तीन इंची स्पीकर असतो आणि तो १२०-१५०च्या खाली दमतो. अशांना ८० लावलं तर ८० ते १५०च्या मध्ये खड्डा पडतो. तिथं कोणीच वाजत नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ. म्हणजे नेमका तोच खड्ड्यात! नायकाला कायमची सर्दी झाल्यासारखं वाटतं ते यामुळे. यावर हिशेब असा की, स्पीकरच्या माहितीपत्रकात तो खाली जिथपर्यंत जातो असं लिहिलेलं असतं, त्याच्या किमान १०-२० हर्ट्झ वर क्रॉसओव्हर ठेवायचा. छोट्या डब्यांना १२० किंवा १५० द्यायचं. आणि आता खर्जाचा पत्ता कानाला लागणार म्हणून सबवूफर कोपऱ्यातून काढून टीव्हीजवळ, समोरच्या बाजूला आणायचा.

(माहितीपत्रकात ‘पीएमपीओ’ वॉट्सचे हजारांतले आकडे दिसले तर हसून पान उलटा. त्या आकड्याला कुठलंच ठरलेलं मोजमाप नाही.)

दहा बाय बाराची खोली

पुण्याच्या फ्लॅटमध्ये हॉल, डायनिंग आणि किचनचा ओटा एकमेकांत मिसळलेले असतात. खर्ज पसरतो, विरतो. म्हणून आपण सबवूफरच्या मागचं बटण फिरवत फिरवत तीन चतुर्थांशावर नेऊन ठेवलेलं असतं. संग्रामपूरची बैठक धरा दहा बाय बाराची, उंची दहा फूट, दार बंद. बंद खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून घुमतात. बारा फुटांच्या अंतरात तो सूर येतो साधारण ४७ हर्ट्झला, दहा फुटांत ५६ला. इथं रुंदी आणि उंची दोन्ही दहा, म्हणजे ५६ला डबल दणका! त्यात सबवूफर कोपऱ्यात. कोपरा हा कर्ण्यासारखं काम करतो, खर्ज आणखी फुगवतो.

इथं एक गोष्ट आपल्याकडे कोणी फारशी सांगत नाही. होम थिएटरचे बहुतेक सल्ले येतात अमेरिकेतून. तिथली घरं लाकडी सांगाड्यावर प्लास्टरबोर्ड ठोकलेली. असल्या भिंती थरथरतात आणि थोडा खर्ज पिऊन टाकतात. आपली वीट आणि स्लॅब मात्र ठाम. खर्ज आत कोंडला जातो. त्यामुळे तिथला ‘सबवूफर दोन-तीन डेसिबल वाढवा’ हा सल्ला आपल्या छोट्या खोलीत उलटा वापरायचा. वाढवू नका, उतरवा.

आणि हा फुगलेला खर्ज फक्त कानाला जड वाटतो असं नाही. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. शब्द कळतात ते त, प, स, क अशा व्यंजनांमुळे, आणि ती असतात वर, हजारो हर्ट्झच्या घरात. बाबा आवाज वाढवतात, त्याबरोबर खर्जही वाढतो, शब्द पुन्हा गडप. बाबा अजून वाढवतात. बाजूच्या घरातून कोणीतरी विचारतं, ‘काहून एवढं धडधड चालू आहे?’

मे महिन्यात यात कूलर सामील होतो. विदर्भातला उन्हाळा आणि कूलरचा पंखा यांचं नातं सांगायला नको. कूलर चालू असताना सिनेमा बघायचाच, पण सेटिंग करताना तो पाच मिनिटं बंद ठेवा. विशेषतः रिसीव्हरबरोबर मायक्रोफोन आला असेल तर! ते यंत्र शिट्टी सोडत खोली मोजतं आणि कूलरच्या घरघरीला बिचारं काय समजेल सांगता येत नाही. शिवाय या ऑटो सेटिंगची एक खोड आहे. ते मोठ्या स्पीकर्सना बऱ्याचदा ‘लार्ज’ किंवा ४० देऊन मोकळं होतं. तुम्ही ते हातानं ८०वर आणा. वर न्यायला हरकत नाही, पण त्यानं १२० दिलं असेल तर खाली ओढू नका. तिथं स्पीकर संपतो म्हणून त्यानं ते दिलेलं असतं.

मग सेटिंग पूर्ण झाल्यावर कूलर लावा आणि मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल चढवा. सिनेमातलं बोलणं जवळजवळ सगळं तिथूनच येतं. एकूण आवाज वाढवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये डोकवा. ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर रिसीव्हरकडे बहुधा दोनच चॅनल जातात आणि काही सेटमध्ये सेंटर गप्प बसलेला असतो.

सबवूफरच्या पाठीवरही क्रॉसओव्हरचं एक बटण असतं. वाटणी रिसीव्हर करत असेल तर ते पूर्ण वर फिरवा किंवा ‘एलएफई’वर ठेवा. नाहीतर एकाच खर्जाला दोनदा कात्री लागते. मेनूत ‘एलएफई’ १२०वर असेल तर तसंच राहू द्या. तो सिनेमातला खास धमाक्यांचा वेगळा चॅनल आहे, त्याचा स्पीकर्सच्या वाटणीशी संबंध नाही. काही तयार सेटमध्ये क्रॉसओव्हर बदलताच येत नाही. तिथं दोनच गोष्टी हातात उरतात, सबवूफरची जागा आणि त्याची पातळी. निम्मं काम त्यातही होतं.

जागा शोधायची युक्ती भन्नाट आहे, फक्त पाहुणे घरी नसताना करा. सबवूफर चक्क सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. खर्जाचं एखादं गाणं लावा आणि स्वतः खोलीभर रांगा. जिथं ठेका सुटसुटीत ऐकू येतो, घुमत नाही, तिथं सबवूफर न्यायचा. मग फेजचा खटका. एकदा ०, एकदा १८०. क्रॉसओव्हरच्या आकड्याजवळचा सूर लावून ज्या बाजूला आवाज जास्त भरीव येतो ती बाजू बरोबर. दुसऱ्या बाजूला स्पीकर आणि सबवूफर एकमेकांना खोडत असतात.

खोलीवर टिन असेल तर आणखी एक उद्योग. २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर मोबाइलवर मिळतो, तो लावा आणि काय काय थरथरतं ते बघा. पत्रा, शोकेसची काच, भिंतीवरचा फोटो. बऱ्याचदा ज्याला आपण ‘फाटका बेस’ म्हणतो तो शोकेसमधल्या स्टीलच्या ग्लासांचा असतो.

पुण्यात परत आलात की खालच्या मजल्याचा विचार करा. बारीक आवाज भिंत अडवते, खर्ज तिला फारसा जुमानत नाही. त्यात सबवूफर थेट फरशीवर असेल तर स्लॅबच वाजू लागतो. खाली जाड रबर किंवा फोमची गादी टाकली तर थोडा फरक पडतो. कायदाही माहीत असू द्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री आवाज कमी केला की खर्ज आधी गायब होतो, कारण हळू आवाजात आपले कानच खर्जाला मंद असतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. म्हणून रात्री सबवूफर वाढवायचा मोह होतो. त्याऐवजी रिसीव्हरमधला नाइट मोड वापरा.

सगळं जमलं का, हे पाहायला दोन मराठी सिनेमे पुरतात. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) लावा. राहुल देशपांडे, शंकर महादेवन, महेश काळे, सगळे भरदार पुरुषी आवाज. गाणारा समोर बसलेला वाटला पाहिजे. आवाजाचं पोट कोपऱ्यात सरकलं तर क्रॉसओव्हर जास्त वर आहे, घसा पातळ वाटला तर मध्ये खड्डा आहे. मग ‘सैराट’ (२०१६). अजय-अतुलनी त्याचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला होता. तिथले चेलो आणि डबल बास वाजताना सूर खालून वर एकसारखा चढतोय का ते ऐका. मध्येच एखादा सूर उगाच फुगला तर तो सूर खोलीचा, अजय-अतुलचा नाही.

आणि सिनेमा शेवटपर्यंत बघा. शेवटी आवाज जवळजवळ नसतोच. त्या शांततेत सबवूफरमधून बारीक ‘हूंऽऽ’ येत असेल तर ते ५० हर्ट्झ आहेत, घरातल्या विजेचे. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावून बघा. तरी थांबलं नाही तर अर्थिंग तपासायला वायरमनला बोलवा.