घरच्या कयाकला काचकापड कोणतं?
बीड जिल्ह्यात सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात स्वतः बांधलेली कयाक सोडायची, तर आधी थर्माकोलचाच मोह होतो. स्वस्त, हलका. पण त्यावर फायबरच्या टाक्या करणाऱ्यांकडचं पॉलिस्टर रेझिन फासलं, की त्यातल्या स्टायरीनमुळे थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. तिथे इपॉक्सीच हवं.

माझी पसंती मात्र ४ मिलिमीटरच्या मरीन प्लायला. आयएस ७१० शिक्का पाहून घ्यावा, तारेने शिवावा, सांधे इपॉक्सीने भरावेत आणि चौरस मीटरला २०० ग्रॅमचं विणलेलं काचकापड आतबाहेर चढवावं. काचेची मॅट नको. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर बहुधा स्टायरीनमध्येच विरघळणारा असतो, त्यामुळे इपॉक्सीत ती ताठच राहते. कार्बनचं कापड महाग, शिवाय दगडावर आपटलं की तडकतं. केव्लार घासायला गेलं की त्याचे तंतू फुलतात.

खरी परीक्षा बीडच्या उन्हाळ्याची. तापमान १० अंशांनी वाढलं, की इपॉक्सी हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो. मगभर कालवून ठेवलंत तर धूरच निघेल. पहाटे, थोडं थोडं, पसरट ताटलीत कालवावं. हातमोजे हवेतच. शेवटी अतिनील किरण अडवणारं वार्निश द्यावं, नाहीतर उन्हात इपॉक्सी पिवळं पडून ठिसूळ होतं.