संविधान कसं लिहिलं गेलं, याने काय फरक पडतो?

साखरखेर्ड्यात एखाद्या घरी रात्री पोलीस झडतीला आले, तर त्यांना कायद्याने कितपत अधिकार आहे? हा प्रश्न संविधान सभेत आपल्याच भागाच्या एका प्रतिनिधीने मांडला होता.

तेव्हा बुलढाणा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. या प्रांतातून मुस्लिम जागेवर काझी सय्यद करीमुद्दीन निवडून गेले होते. ३ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी दुरुस्ती सुचवली: विनाकारण झडती आणि जप्तीपासून संरक्षण हा मूलभूत हक्क असावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले, हे फौजदारी कायद्यात आहेच; पण विधिमंडळाला हात लावता येऊ नये म्हणून संविधानात घालायला हरकत नाही. तरीही काही सदस्यांनी विरोध केला आणि अखेर दुरुस्ती मतदानात पडली.

पण चर्चेचा शब्दन् शब्द नोंदवला गेला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्याची सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली, तेव्हा घटनाकारांनीच हा हक्क नाकारला होता, असा युक्तिवाद झाला. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जुन्या चर्चाही तपासल्या आणि २४ ऑगस्टला एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एक कलम पडलं म्हणजे हक्क नाकारला, असं होत नाही.

आपली प्रक्रिया निर्दोष नव्हती. सभेचे बहुतेक सदस्य प्रांतांच्या आमदारांनी निवडले होते आणि त्या आमदारांना मत देण्याचा हक्कही मोजक्याच लोकांना होता. पण सुमारे तीन वर्षं मशविरा झाला, मसुदा लोकांसमोर ठेवला गेला, विरोधकांना बोलू दिलं गेलं. ज्याचं ऐकलं जातं, तो हरला तरी व्यवस्था आपली मानतो.

ट्युनिशियाकडे बघा. तिथे २०१४ चं संविधान निवडून आलेल्या सभेने दोन वर्षांहून जास्त चर्चा करून २०० मतांनी मंजूर केलं. २०२२ चं संविधान मात्र राष्ट्राध्यक्षांनी आपल्या मर्जीने आणलं. सार्वमताला एक तृतीयांश मतदारही आले नाहीत. त्यात राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढले आणि संसद दुबळी झाली.

हेच गावालाही लागू आहे. ग्रामसभेला जा, आपलं म्हणणं मांडा आणि ते प्रोसिडिंगमध्ये लिहिलं गेलं का, ते बघूनच घरी या. आज ठराव आपल्या विरोधात गेला, तरी ती नोंद उद्या आपल्या मुलांच्या कामी येऊ शकते.