बारा महिने वर ठेवलेला बावटा: कर्नेलमधल्या ‘प्रायोगिक’ खुणेची गोष्ट

सुट्टीत रत्नागिरीला घरी आलो की मिरकरवाडा बंदराकडे एक फेरी होतेच. हवामान बिघडायची चिन्हं असली की बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो. होडीवाले तो बघतात आणि मग ठरवतात. आता समजा, तो बावटा बारा महिने वरच ठेवला, तर? महिन्याभरात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. लिनक्स कर्नेलमध्ये हे खरोखर घडलं होतं. संशोधनाची तयारी करताय, तर ही गोष्ट तुमच्या कामाची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कर्नेल कंपाइल करण्याआधी त्यात काय घ्यायचं ते निवडावं लागतं. असे हजारो पर्याय असतात आणि ते केकॉन्फिग नावाच्या फाइल्समध्ये लिहिलेले असतात. प्रत्येक पर्यायाला साधारण चार गोष्टी असतात: मेन्यूत दिसणारी ओळ (प्रॉम्प्ट), मदतीचा मजकूर, काहीच निवडलं नाही तर काय धरायचं (डिफॉल्ट), आणि कशावर अवलंबून आहे ते.

जुन्या काळी यात ‘कॉन्फिग एक्सपेरिमेंटल’ असं एक मुख्य बटण होतं. अपुरा किंवा चाचणीतला कोड त्यावर अवलंबून ठेवायचा. बटण बंद असेल तर असे पर्याय मेन्यूत दिसायचेच नाहीत. कल्पना चांगली वाटते ना? पण दोन गोष्टींनी ती फसली.

पहिली म्हणजे, सगळ्यांना मिळून एकच बटण. तुम्हाला एक ड्रायव्हर हवा असेल तरी दार सगळ्यांसाठी उघडायचं. त्यामुळे जवळपास सगळ्या वितरणांनी ते कायमचं चालू ठेवलं. दुसरी म्हणजे, खूण लावणारे होते, काढणारं कुणी नव्हतं. कोड वर्षानुवर्षं नीट चालतोय, तरी नावापुढे ‘प्रायोगिक’ तसंच. म्हणजे खूण आहे म्हणून धोका आहे असंही नाही, आणि नाही म्हणून सुरक्षित असंही नाही. शेवटी २०१२ मध्ये कीस कुक यांनी ती काढायचं काम हाती घेतलं आणि २०१३ मधल्या ३.९ आवृत्तीपर्यंत ते बटण गेलं.

मग धोका सांगायचा कसा? कर्नेलमध्येच याची चांगली उदाहरणं आहेत.

एक, धोका मेन्यूतल्या ओळीतच लिहा. कर्नेलच्या कोडलेखन-नियमांत एडीएफएस या फाइल सिस्टमचं उदाहरण दिलंय. तिच्या ‘लिहिण्याची सोय’ या पर्यायापुढे कंसात ठळक ‘डेंजरस’ लिहायचं. लक्षात घ्या, खूण अख्ख्या फाइल सिस्टमवर नाही, फक्त लिहिण्यावर आहे. वाचताना डेटा जात नाही, लिहिताना जाऊ शकतो.

दोन, नावातच सांगा. एक्स्ट४ ही फाइल सिस्टम २००६ मध्ये २.६.१९ आवृत्तीत आली ती ‘एक्स्ट४डेव्ह’ या नावाने. माउंट करतानाही तेच नाव टाईप करावं लागायचं, म्हणजे विसरायची सोयच नाही. २००८ च्या डिसेंबरात, २.६.२८ मध्ये, ‘डेव्ह’ गळालं. खूण कधी काढली हे सगळ्यांना कळलं, आणि हे फार महत्त्वाचं.

तीन, खूण मागे उरू द्या. स्टेजिंग विभागातला, म्हणजे अजून पक्का न झालेला ड्रायव्हर लोड झाला, की कर्नेल स्वतःवर ‘सी’ हा डाग लावून घेतो. पुढे क्रॅश झाला तर अहवालात तो डाग दिसतो. मेन्यू कुणी वाचला नसला तरी तपासणाऱ्याला कळतं.

चार, वेगळ्या गोष्टींना वेगळं नाव द्या. बीटीआरएफएसमध्ये प्रायोगिक सोयी बराच काळ ‘डीबग’ पर्यायाखाली होत्या. चुका शोधायला डीबग लावलं, की न मागता त्या सोयीही यायच्या. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ६.१३ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे.

आता माझी फजिती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी डिस्कवर लिहिण्याच्या वेगाची मोजमापं घेत होतो. कॉन्फिग फाइल एका सीनिअरकडून जशीच्या तशी उचललेली. तीन आठवडे आकडे जमवले, आलेख काढले. गाईडनी एकच प्रश्न विचारला, “कॉन्फिग काय होती?” उघडून बघतो तर तपासणीचा एक जड पर्याय चालू! त्याच्या मदतीच्या मजकुरात ‘वेग कमी होईल’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं. सगळे आकडे फुकट.

वाचलं का नाही? कारण जुनी फाइल नव्या कर्नेलला ‘ओल्डडेफकॉन्फिग’ने चिकटवली होती. जुन्या निवडी ती तशाच उचलते आणि नव्या पर्यायांना न विचारता डिफॉल्ट लावून टाकते. मेन्यू डोळ्यांसमोर आलाच नाही, तर त्यातली खूण कशी दिसणार?

म्हणून तुमच्यासाठी एवढंच. दुसऱ्याची कॉन्फिग घेतलीत तर वितरणाच्या मूळ फाइलशी ‘डिफकॉन्फिग’ने ताडून बघा आणि प्रत्येक फरकाचा मदतीचा मजकूर वाचा. प्रयोगाआधी आणि नंतर कर्नेलवर डाग आहे का ते तपासा. पेपरबरोबर आवृत्ती आणि पूर्ण कॉन्फिग फाइल द्या.

आणि उद्या तुम्ही स्वतः एखादा पर्याय लिहिलात, तर डिफॉल्ट ‘नाही’ ठेवा. नुसतं ‘प्रायोगिक’ लिहून थांबू नका. काय बिघडू शकतं (डेटा, वेग की फक्त एक सोय) आणि कोणती चाचणी पार झाली की खूण काढायची, हेही लिहा. बावटा लावताना तो उतरवायचा कधी हे ठरलेलं असेल, तरच लोक त्याच्याकडे बघतात.