काचपेटींतील ॲक्सोलोटल

मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सोचिमिल्कोचे कालवे आहेत. ॲक्सोलोटल हा चार पायांचा जलचर मूळचा तेथलाच. बेडकाचें पिल्लू मोठें झालें कीं कल्ले टाकून जमिनीवर येतें. हा प्राणी मात्र पिसांसारखे कल्ले मिरवीत सारा जन्म पाण्यांत काढतो. त्यास १६ ते १८ अंशांचें पाणी मानवतें. २४ अंशांपलीकडे तो आजारी पडूं लागतो. यवतमाळास मे महिन्यांत पारा ४२ च्याही वर जातो. तेव्हां अन्नाआधीं पाण्याचा विचार प्राप्त होतो. काचपेटीवर पंखा सोडल्यास बाष्पीभवनानें पाणी थोडेंसें निवतें. परंतु वैशाखांत पाणी थंड करणारें यंत्रच हवें. तें परवडत नसेल त्यानें हा प्राणी घरीं न आणलेला बरा. आणल्यास, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें त्याची नोंदणी करावी लागते.

गांडूळ हें त्याचें उत्तम खाद्य. त्याचे दांत चावण्याच्या कामाचे नाहींत; तोंड उघडून तो पाण्यासकट भक्ष्य ओढतो आणि तसेंच गिळतो. म्हणून मोठ्या गांडुळाचे तुकडे करावे. तळाशीं बारीक खडे नसावे, कारण तेही पोटांत जाऊन आंतडें अडतें. गांडूळ कोठलें, हें मात्र नीट विचारावें. जिल्हा कपाशीचा, २०१७ सालीं फवारणी करतांना येथें अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें दगावले. जें विष माणसास सोसत नाहीं, तें या नाजूक जिवास काय सोसणार? शेतांतील गांडूळ टाळून घरच्या गांडूळखताच्या खड्ड्यांतील घ्यावें व धुवून द्यावें. पिल्लास रोज, प्रौढास दोन-तीन दिवसांनीं पुरतें. उरलेला घास लगेच काढावा. तो कुजला कीं पाण्यांत अमोनिया वाढतो.

तुटलेला पाय पुन्हा उगवण्याची या प्राण्याची शक्ति प्रसिद्ध आहे. पण तेवढ्यावरून त्यास चिवट समजूं नये. कल्ल्यांचीं टोकें पुढें वळलीं, शेपटीचें टोंक मुडपलें किंवा त्यानें अन्न नाकारलें, तर प्रथम पाण्याची उष्णता व अमोनिया तपासावा. कल्ल्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली, अथवा पोट फुगून तो तरंगत राहिला व खालीं जाऊं शकला नाहीं, तर त्यास क्लोरिन नसलेल्या स्वच्छ, थंड पाण्यांत वेगळें ठेवून पशुवैद्यास दाखवावें. माशांचें औषध अंदाजानें घालूं नये; त्याच्या पातळ कातडींतून तें थेट अंगांत भिनतें.