‘एस्पोझितो’ : एका इटालियन आडनांवाची कुळकथा

आडनांव ही घराण्याची खूण होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि इटलींतील बहुतेक आडनांवें तिला धरूनच आहेत. ‘फेर्रारी’ या नांवामागें कोणी लोहार उभा असतो, ‘रोस्सी’च्या मागें तांबूस केसांचा एखादा पूर्वज असतो, आणि ‘दी जोव्हान्नी’ म्हणजे तर उघडच जोव्हान्नीचा मुलगा. नेपल्स शहरांत सर्वांत अधिक आढळणारें आडनांव मात्र या रीतीला अपवाद आहे. ‘एस्पोझितो’ हें तें आडनांव. सबंध इटलींतहि पहिल्या दहांत त्याची गणना होते. परंतु त्याच्या मुळाशीं ना कोणतें गांव, ना धंदा, ना एखादा मूळपुरुष. ज्यांचें कुळ कोणासच ठाऊक नव्हतें, अशा मुलांना दिलेलें तें नांव आहे.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. ‘एक्स्पोझितुस’ म्हणजे बाहेर ठेवलेला, उघड्यावर टाकलेला. आईबापांनीं टाकून दिलेल्या अर्भकाला हें विशेषण लागे. नेपल्समध्यें १४ व्या शतकांत ‘आनुंत्सियाता’ नांवाची एक धर्मसंस्था स्थापन झाली. तिच्या आवारांत चर्च, रुग्णालय आणि टाकलेल्या मुलांसाठीं आश्रय अशा तिन्ही गोष्टी होत्या. या आश्रयाच्या भिंतींत लांकडाचें एक पोकळ, फिरतें पिंप बसविलेलें असे. लोक त्याला ‘रुओता’, म्हणजे चाक, म्हणत. रस्त्यावरून कोणीं मूल त्यांत ठेवलें, कीं तें पिंप फिरवितांच मूल भिंतीच्या आंत जाई. आंत बसलेली बाई त्याला उचलून घेई. ठेवणाराचें तोंड तिला दिसत नसे, आणि न दिसावें हाच त्या योजनेचा हेतु होता.

नंतर मुलाची नोंद होई. तें कोणत्या दिवशीं व कोणत्या वेळीं आलें, अजमासें किती दिवसांचें आहे, अंगावर कोणतें वस्त्र आहे, जवळ एखादी खूण आहे काय, हें सर्व वहींत लिहून ठेवीत. गळ्यांत शिशाची मुद्रा बांधीत, बाप्तिस्मा देत आणि मग मूल दाईच्या स्वाधीन करीत. नेपल्सचे लोक या मुलांना ‘मादोन्नाचीं मुलें’, म्हणजे मातृदेवी मेरीचीं लेंकरें, असें ममतेनें म्हणत. वहींत मात्र ‘एस्पोझितो’ हाच शब्द पडे.

हा शब्द आडनांव होऊन कायमचा चिकटला, त्याला कागदोपत्रीं नोंदीची पद्धतहि कारण झाली. १५६३ मध्यें समाप्त झालेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें विवाह आणि बाप्तिस्मा यांच्या वह्या ठेवण्याचें बंधन धर्मोपदेशकांवर घातलें. आडनांव असें पिढ्यान् पिढ्या लेखनिविष्ट होऊं लागलें, आणि ज्याला बापाचें नांव नाहीं त्याच्या नांवापुढें त्याच्या दैवाचेंच नांव लागलें.

ही चाल एकट्या नेपल्सची नव्हे. रोममध्यें अशा मुलांना ‘प्रोयेत्ती’, म्हणजे टाकलेले, हें आडनांव मिळे. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचें चिन्ह कबूतर होतें, म्हणून तेथील मुलें ‘कोलोंबो’ झालीं. अर्थात् प्रत्येक कोलोंबो टाकलेल्या मुलाचा वंशज असतो असें नाहीं. अमेरिकेस गेलेला कोलंबस हा जिनोव्हाच्या एका विणकराचा मुलगा होता. फ्लॉरेन्समध्यें ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पाप, या नांवाचें अनाथालय १४१९ मध्यें स्थापन झालें. त्याची इमारत ब्रुनेल्लेस्की या विख्यात शिल्पशास्त्रज्ञानें आंखली. ५ फेब्रुवारी १४४५ रोजीं तेथें पहिली मुलगी आली. तो संत आगाताचा दिवस, म्हणून तिचें नांव आगाता ठेवण्यांत आलें. पुढें ‘इन्नोचेंती’ हेंहि आडनांव झालें.

हीं सारीं मुलें विवाहबाह्य संबंधांतून आलेलीं होतीं, असा समज चुकीचा आहे. दारिद्र्यानें गांजलेलीं विवाहित जोडपींहि आपलें मूल चाकांत ठेवीत. फ्लॉरेन्सच्या अनाथालयांत मुलांबरोबर आलेलीं अर्धीं नाणीं व पदकें अजून जपून ठेवलेलीं आहेत. उरलेला अर्धा तुकडा आईजवळ राही. पुढेंमागें बरे दिवस आले, तर दोन तुकडे जुळवून मूल ओळखतां यावें, ही त्यांतील आशा. पुष्कळ अर्भकें तोंपर्यंत वांचतच नसत.

जीं वांचलीं, त्यांच्या मागें हें नांव डागाप्रमाणें राहिलें. ज्या नांवानें मुलाला वहींत जागा दिली, त्याच नांवानें त्याची उणीव जन्मभर जाहीर केली. नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा हा १८०८ ते १८१५ पर्यंत नेपल्सचा राजा होता. त्याच्या कारकीर्दींत नव्या मुलांना हें आडनांव देण्यास मनाई झाली. तेव्हांपासून कारकुनांना प्रत्येक मुलासाठीं निराळें आडनांव कल्पावें लागे. आनुंत्सियाताचें चाक १८७५ मध्यें बंद झालें. ज्याच्या आईबापांचा पत्ता नाहीं, त्या मुलाचा जन्म ओळखूं येईल असें आडनांव देऊं नये, असा नियम इटलीच्या नागरी नोंदणीच्या २००० सालच्या कायद्यांतहि आहे.

परंतु कायद्यानें जें साधावयाचें तें काळानें आधींच बरेंचसें साधलें होतें. एस्पोझितोंनीं संसार थाटले. त्यांचीं मुलें आईबापांच्या मांडीवर वाढलीं आणि तेंच आडनांव सांगूं लागलीं. शेजारीं एस्पोझितो, दुकानांत एस्पोझितो, कचेरींत एस्पोझितो, असें झाल्यावर त्या शब्दानें कोणाचें गुपित सांगावयाचें? १८८९ मध्यें राणी मार्गेरिता हिच्यासाठीं ‘मार्गेरिता’ पिझ्झा करण्याचें श्रेय परंपरा ज्या भटारखानेवाल्याला देते, त्याचें नांवहि राफ्फाएले एस्पोझितो असेंच होतें.

एकाच आडनांवाचे दोन एस्पोझितो त्यामुळें भाऊबंद ठरत नाहींत. कारण प्रत्येक घराण्याचा आरंभ वेगळ्या मुलापासून झालेला असूं शकतो. त्यांपैकीं कोणी आपली वंशावळ शोधीत मागें गेला, तर त्याला शेवटीं राजा किंवा सरदार भेटत नाहीं. आनुंत्सियाताच्या जुन्या वहींतील एक ओळ भेटते : अमुक दिवस, अमुक वेळ, आणि बाळाला गुंडाळलेल्या वस्त्राचें वर्णन.