उशिराच्या गव्हाला रात्रीची भिजवण

कापसाचं रान उशिरा मोकळं झालं की गहू डिसेंबरात पेरावा लागतो. तेव्हा माती गार असते. गार मातीत उगवण लांबते, तोवर मुंग्या-पाखरं दाणे नेतात. रान विरळ पडलं की पुन्हा बियाण्याचा खर्च, तोही आपल्याच बचतीतून.

यावर सोपा उपाय म्हणजे बी भिजवून पेरणं. उगवण्याआधी दाण्याला पाणी प्यावंच लागतं. ते घरीच प्यायला दिलं, तर मातीत कोंब लवकर निघतो.

गहू १२ तास, हरभरा ८ तास साध्या पाण्यात भिजवा. जास्त नको, मोड आले तर पेरताना तुटतात. मग निथळून सावलीत गोणपाटावर पसरा. दाणे सुटे झाले की त्याच दिवशी ओलीवर पेरा. हरभऱ्याला रायझोबियम लावायचं तर भिजवल्यानंतर लावा. औषध लावलेलं रंगीत बी मात्र भिजवू नका.

भिजवलेलं बी परत वाळवून साठवलं तर फार टिकत नाही. म्हणून लागेल तेवढंच भिजवा. उरलेलं कोरडं बी हवाबंद डब्यात, गार जागी ठेवा.

आणि भिजवण्यानं मेलेलं बी जिवंत होत नाही. आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. प्रमाणित गहू-हरभऱ्याची उगवण किमान ८५ टक्के लागते. तुमचे फारच कमी उगवले, तर पेरणीआधीच बी बदला. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपला आकडा सांगायचा बरं का!