ताट तेच, वाटणी वेगळी

विहारात साखर तपासायला बसलो की आम्हाला हमखास एक प्रश्न येतो, "सिस्टर, भात बंदच करू का?" बंद नको, कमी करा.

भात, चपाती, भाकरी, पाव, बटाटा यांची पोटात साखरच होते. टाइप दोनच्या मधुमेहात शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून ती साखर रक्तात साठते. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. डाळ, भाजी, अंडी विकत आणावी लागतात. म्हणून आपल्या ताटात भाताचा ढीग आणि वरण पातळ. घरातली बाई शेवटी जेवते, तोवर भाजी संपते. ती चटणी-भाकरीवर भागवते. मग गोळ्या घेऊनही तिची साखर उतरत नाही.

ताटाचे चार भाग करा. दोन भाग भाजी: मेथी, शेपू, पालक, कोबी, दुधी, काकडी. एक भाग घट्ट वरण, मटकीची उसळ, अंडं, मासळी किंवा मटण. उरलेल्या एका भागात भात किंवा भाकरी, दोन्ही नकोत. आधी भाजी-उसळ खा, भात शेवटी. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही मोजूनच. सुकट-बोंबील जरूर खा. मीठ जास्त असतं, म्हणून भिजवून दोन-तीनदा धुवा.

चहाचा हिशेब करा. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे, सुमारे ४० ग्रॅम. वर खारी-टोस्ट वेगळे. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला सवय होते. गूळ आणि मधही साखरच वाढवतात. बुद्धपौर्णिमेची खीर दोन-तीन चमचे घ्या, त्या जेवणात भात सोडा.

कारल्याचा रस सुरू केला म्हणून गोळी बंद करू नका. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपोसथ धरायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उपाशी राहून साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

बहुतेक रुग्णांची साखर उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. हा आजार लपवू नका. बाबासाहेबांनाही मधुमेह होता.

आज रात्रीपासून एक करा. भाजी वाढायला घेताना घरातल्या बाईची वाटी आधी भरून बाजूला ठेवा.